शालू, सुस्त तेलाचा वाद अजून बाकी आहे

शालू,

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळ्या पांढऱ्या साड्यांमध्ये मी एकटी फिकट निळी नेसून बसले होते, कारण माझ्याकडे पांढरी एकच आणि तिच्यावर तुझ्या त्या अमाईन रसायनाचा पिवळा डाग आहे. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग लोक बोलायला उठले. हुशार होती, शांत होती, कधी कोणाशी भांडली नाही. हे शेवटचं ऐकलं आणि मला असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. बायकांना वाटलं, रडते आहे. रडतही होते म्हणा. पण कधी कोणाशी भांडली नाही? अवं, माझ्याशी तर तू बसची वाट पाहताना भांडलीस, डबा खाताना भांडलीस, दवाखान्याच्या बाकड्यावर नाकाला वाफारा लावलेला असताना हातवारे करून भांडलीस! मी उठून सांगणार होते, पण तुझ्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की गप बसले.

कार्यक्रम उरकल्यावर तुझ्या आईनं मला बाजूला घेतलं. "कुसुम, गच्चीवरच्या खोलीत तुमचं ते तेल पडून हाय. त्याचं काय करू? फेकू?"

"नको फेकू, आई."

"काहून? कामाचं हाय का ते?"

घ्या! एवढ्या वर्षांचा आपला वाद त्या माउलीनं चार शब्दांत विचारून टाकला. म्हणून आज हे लिहायला बसले.

तुला आठवतं, नागपूरजवळ हिंगण्याच्या त्या फोमच्या कारखान्यात आपण दोघीच बायका होतो. लॅबमध्ये समोरासमोर टेबलं. तू इंदोऱ्याहून यायचीस, मी धरमपेठेतून, आणि पहिल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तू माझ्याशेजारी बसून थेट विचारलंस, "तुले एमेस्सीले किती भेटले?" मी सांगितलं. "मले जास्त हायेत," म्हणालीस आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केलीस. एवढ्या भांडवलावर आपली मैत्री सुरू झाली.

आपलं काम सोपं होतं. दोन पातळ रसायनं, एक गोड स्वभावाचं आणि दुसरं तिखट. दोन्ही एकत्र केली की क्षणात फेस धरतो, फुगतो आणि स्कूटरच्या सीटचा फोम तयार. तिखट म्हणजे आयसोसायनेट. त्याच्या अंगात एवढी भूक की समोर पाणी येवो, अल्कोहोल येवो, कोणाचं फुप्फुस येवो, लगेच जाऊन चिकटतं. म्हणूनच तर कारखान्याला ते आवडतं. वाट पाहायला लावत नाही.

आणि म्हणूनच ते तुझ्या छातीत गेलं. एका ड्रमचं बूच नीट बसलं नव्हतं, तू नमुना घ्यायला वाकलीस, खोकलीस, आणि पाणी पिऊन परत कामाला लागलीस. आपल्याला वाटलं, झालं. पण झालं नव्हतं. त्यानंतर नुसता ड्रम उघडला, तोही शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, की तुझ्या छातीत शिटी वाजायला लागायची. आम्हाला वाससुद्धा आलेला नसायचा. जे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं ते तुझ्या बरगड्यांत बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगानं एकदा ओळख धरली की ती सुटत नाही, त्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. साहेबांनी, म्हणजे आपल्या मालकांनी, तुला गेटजवळच्या स्टोअरमध्ये बसवलं. माणूस वाईट नव्हता, काढून टाकलं नाही. पण तू तिथे नटबोल्ट आणि गोणपाटांत बसून माझ्याकडे जशी पाहायचीस, ते मला बघवायचं नाही. दुसरी कोणी असती तर नशिबाला बोल लावला असता. तू प्रश्न विचारलास.

"कुसुम, मले एक सांग. फोमच्या मधलं जे नातं असते, युरेथेनचं, ते जुळवाले ह्याच तिखट पोट्ट्याची गरज हाय का? दुसरं स्थळच नाही का?"

मी म्हणाले, "नाही. सगळ्या पुस्तकांत हेच आहे."

"सगळी पुस्तकं तू वाचली?"

वाचली नव्हती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन तू जुन्या जर्नलांचे गठ्ठे उपसलेस आणि धुळीनं शिंकत शिंकत स्थळ शोधून आणलंस. सायक्लिक कार्बोनेट आणि अमाईन. दोघांचं लग्न लावलं की तेच नातं, तसंच युरेथेन, आणि तो तिखट नवरदेव मांडवात आलाच नाही! तू मला ते कागदावर काढून दाखवलंस तेव्हा मी शपथेवर सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता. तुला मात्र मी म्हणाले, "कागदावर तर सगळंच जमतं." माझा स्वभावच असा आहे, आणि तुला तो माहीत होता.

कार्बोनेट कशाचं करायचं? तू म्हणालीस जवसाच्या तेलाचं. पारशिवनीकडच्या तुझ्या मावशीकडून लाकडी घाणीचं तेल यायचं, चटणीसाठी. त्याला आधी पेरॉक्साईडनं ऑक्सिजन चढवायचा आणि मग गरम तेलात कार्बन डायऑक्साइड सोडत बसायचं, तासन्‌तास. हा वायू आणायचा कुठून? बर्डीच्या बाजारातल्या सोडावाटरवाल्याकडून. त्याला आपलं कोडं काही सुटेना. "मॅडम, घर में शादी है क्या? इतना सोडा कौन पी रहा है?" तू गंभीर चेहरा करून म्हणालीस, "तेल पिऊन राहिलं, भाऊ." तो त्यानंतर आपल्याशी फार आदरानं वागायला लागला.

तुझी आई खाली स्वयंपाकघरातून ओरडायची, "खायाचं तेल नासवून राहिल्या पोट्ट्या!" आणि आपण वर, गच्चीवरच्या त्या टिनाच्या खोलीत, फ्लास्कमधले बुडबुडे पाहत बसलेल्या. मला ते बुडबुडे अजून दिसतात. तू एकदा म्हणालीस, "पाह्य नं, गंमत कशी हाय. शेडमधल्या फोमले फुगवाले हाच वायू बाहेर पडते, आणि आपण तो आत घालून राहिलो." मी याआधी असा विचार केला नव्हता. तेच तीन अणू, तिकडे निघतात, इकडे शिरतात. त्या दिवशी आपण काम सोडून नुसतं त्याच्यावरच बोललो.

पहिला नमुना तू ताटलीत ओतलास तेव्हा चैत्र संपत आला होता. तेलात अमाईन घातलं, सडक्या मासोळीसारखा वास सुटला. अमाईनही काही तीर्थ नव्हे, हाताला लागलं की आग होते, म्हणून मी हातमोजे घालून लांब उभी. आणि तू? तू सरळ ताटलीवर वाकलीस. माझ्या हातात तुझा दम्याचा पंप होता, झाकण काढलेला. मी शिव्या घातल्या, "मागं हो, मूर्ख!" तू डोळे मिटलेस, श्वास घेतलास, पुन्हा घेतलास, आणि वाट पाहिलीस. मीही वाट पाहिली. शिटी नाही. खोकला नाही. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "घाण वास हाय वं." आणि रडायला लागलीस. इतक्या घाण वासानं इतका आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

ताटल्या आपण कुठे वाळवल्या? जिथे नागपुरातल्या सगळ्या बाया वाळवतात तिथेच! टिनावर. कुरडया, सरगुंड्यांच्या शेजारी आपल्या ताटल्या, वर तुझ्या आईची जुनी मच्छरदाणी. ओव्हन शेडमध्ये होता आणि शेडमध्ये तुला पाय ठेवायचा नव्हता. मग काय, सूर्य होताच. दोन दिवसांत ते तेल असं पक्कं झालं की नखानं ओरखडा निघेना. वाकवलं तर वाकायचं, सोडलं तर सरळ. पिवळसर, पारदर्शक. तुझ्या वहिनीनं तर आंबापोळी समजून एक तुकडा मुलासाठी काढला होता. बरं झालं, मी वेळेवर वर आले.

काही ताटल्या आपण खोलीतही ठेवल्या. कूलर तू लावू द्यायची नाहीस, ओल्या हवेनं पापुद्रा बिघडतो म्हणून. तिथेही ते घट्ट झालं, फक्त दिवस जरा जास्त लागले. तेव्हा आपण दोघींनी, एमेस्सी झालेल्या दोघींनी, छाती फुगवून साहेबांना सांगितलं की हे ओव्हनशिवाय, खोलीच्या तापमानाला जमतं.

भोपाळनंतरचे दिवस होते ते. हिंगण्यात ज्याला अक्षर येत नव्हतं तोही ड्रमवरचं नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. आपला माल भोपाळचा तो नव्हता, पण आयसोसायनेटचं घराणं एकच. साहेबही मनातून हलले होते. ते म्हणाले, "पुण्याहून कोटिंगवाले पाहुणे येऊन राहिले. त्यांच्यासमोर करून दाखवा. जमलं तर मागचा रिकामा शेड तुम्हाले देतो. तिकडे ड्रम येणार नाही, माझा शब्द. शालूताई, तुमचं टेबल तिथे लावू." मी तुझ्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिथेच दोघी रडलो असतो.

मग तो दिवस. बाहेर मे महिना पेटलेला. साहेबांच्या केबिनमध्ये नवा एसी बसवलेला, त्याची त्यांना फार हौस, पाहुण्यांसाठी पार कडक करून ठेवला होता. मला हुडहुडी भरली. तू तेल आणि अमाईन कालवलंस, लोखंडी पट्टीवर पसरलंस, हात स्थिर. पाहुण्यांना सगळं समजावलंस, आणि इतकं सुरेख बोललीस की साहेबांनी चहा सोडून ऐकलं. आणि मग आपण वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एका गृहस्थांनी बोट लावलं आणि ते काकवीत बुडाल्यासारखं वर आलं. त्यांनी ते रुमालाला पुसलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "बाई, खोलीचं तापमान म्हणजे नेमकं कोणत्या खोलीचं?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. आणि तू हसलीस! साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर, पोट धरून. तुला माझ्याआधी कळलं होतं. जगाच्या पुस्तकात खोली पंचवीस अंशांची असते. आपण शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, पण मे महिन्यात पंचवीस अंशांची खोली पाहिली कोणी होती? टिनाखालची तुझी खोली म्हणजेच मंद आचेवरचा ओव्हन होता, आणि त्याला आपण खोली म्हणत होतो. मुंबई-पुण्याच्या माणसाच्या हातून ही चूक होणं शक्यच नाही. ती करायला नागपुरातच जन्मावं लागतं.

पाहुणे गेले. साहेब म्हणाले, "पंचवीसवर जमवा, मग या. शेड कुठे जात नाही." गेटपर्यंत तू हसत आलीस. स्टोअरच्या दारात पोचलीस आणि हसू बंद झालं. "चाल, जाजो तू. बस सुटून जाईन," म्हणालीस आणि आत गेलीस. त्या दाराकडे पाहत मी उभी राहिले आणि खरंच बस चुकवली.

त्यानंतर आपला मोठा वाद सुरू झाला, तो आजपर्यंत. मी म्हणायचे, हे तेल सुस्त आहे. उन्हात बसवल्याशिवाय हलत नाही. कारखाना सुस्त माणसावर चालत नाही, सुस्त रसायनावर कसा चालेल? तू उसळायचीस. "सुस्त हाय म्हणूनच तर मी जिवंत हाय नं त्याच्याजवळ! जे घाईनं साच्यात जमते ते घाईनंच छातीत जाते. तुले दोन्ही कसे पाहिजे? तरतरीतही पाहिजे आणि गरीबही पाहिजे!" मी म्हणायचे, हो, दोन्ही पाहिजे, त्यालाच केमिस्ट्री म्हणतात. मग तू रागानं फ्लास्क घासायला घ्यायचीस, आणि घासता घासता स्वतःच, "बरं, अमाईन बदलून पाहू का?"

बदललं. घाई करवणारा कॅटॅलिस्ट घातला. दर पावसाळ्यात ते चिकट राहिलं, दर दिवाळीत चिकट राहिलं, फक्त चिकटपणाचे प्रकार वाढले. आणि फोमचं कोडं तर वेगळंच. वायू बाहेर पडतच नाही, तर हे फुगवायचं कसं? तू एकदा खायचा सोडा घालून पाहिलास. जे झालं त्याला फोम म्हणता येत नव्हतं, बिघडलेलं अनारसं म्हणता आलं असतं. तू तो बशीत घालून माझ्यापुढे ठेवलास, "घे, फराळ." किती हसलो आपण! एखादी गोष्ट जमत नाही याचं तुला दुःख व्हायचं, पण त्याआधी नवल वाटायचं. मला नुसताच राग यायचा. तुझ्याजवळ बसून बसून थोडं नवल मलाही वाटायला लागलं, आणि ते तू मला दिलंस हे मी तोंडावर कधी सांगितलं नाही. आज सांगते. आता काय उपयोग, असं म्हणू नकोस.

पौषातल्या थंडीनं तुला नेलं. कारखान्यात नाही, शेडमध्ये नाही, घरीच, सकाळी चहा ठेवता ठेवता. माझ्याकडे तुझा भाऊ निरोप घेऊन आला तेव्हा मी डबा भरत होते. पहिला विचार काय आला सांगू? आज हिच्याशी नव्या अमाईनबद्दल बोलायचं होतं. माणसाचं मन असं निर्लज्ज असतं बघ.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. तुझ्याशी बोलले नव्हते, कारण बोलले असते तर तू फ्लास्क बाजूला ठेवून मला दवाखान्यात ओढत नेलं असतंस, आणि त्या फ्लास्कशिवाय तुझा दिवस उगवत नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून शेडमधून लॅबमध्ये परत आले की माझ्या छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं होतं. आधी वाटलं सर्दी. मग वाटलं वय. रविवारी बरं वाटतं. सोमवारी संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसते आणि हळूहळू श्वास घेते, शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. काल तुझ्या घरी सगळे डोळे मिटून बसले होते, एवढी शांतता होती, आणि त्या शांततेत मला माझीच शिटी ऐकू आली.

आजवर मी तुझ्यासोबत होते ती तुझ्यासाठी. वादात उलटी बाजू घ्यायचे, कारण कोणीतरी घ्यायला हवी होती आणि मला त्यात मजा यायची. शेड तुला मिळावा, टेबल तुला मिळावं. मला ते हवं आहे असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आज सकाळी साहेबांकडे गेले आणि विचारलं, मागचा शेड रिकामाच आहे का? ते म्हणाले, "आहे. पण कशाले? शालूताई तर गेल्या." ह्या वेळी टेबल मला लागणार, हे त्यांना पंचवीसवर जमल्यावर सांगेन. तिथून निघाले ती सरळ तुझ्या घरी. टिनाच्या खोलीत आता हे लिहिते आहे. खोली थंडगार पडली आहे, ताटलीतलं तेल तसंच पातळ आहे, आणि पंचवीसवर ते कसं जमवायचं हे तुला माहीत नव्हतं, मलाही नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, चाल, पाहू. म्हणून नवं अमाईन घालून ढवळते आहे. थांबायला वेळ नाही, शालू. मले दम लागून राहिला.